पोकळ वासा, तोही जहाजातून गेला!

‘द घोस्ट गोज वेस्ट’ या 1935 च्या ब्रिटिश विनोदपटाबद्दल एक मजकूर फिरतोय. कर्जबाजारी स्कॉटिश वारसदाराची गढी एक अमेरिकन धनाढ्य विकत घेतो, चिरा न् चिरा सुटा करून फ्लोरिडाला नेतो आणि गढीतलं भूतही सोबत जातं, ही त्याची गोष्ट. मजकूरवाल्याचं म्हणणं: गढी अशी नेणं ही शुद्ध थाप, उमराव ऐषारामापायी बुडाले, चित्रपट धड ब्रिटिश नाही आणि तो गरिबीची टिंगल करतो.

थाप? इंग्लंडातल्या लँकेशायरमधला एजक्रॉफ्ट हॉल हा ट्यूडर काळातला (15व्या-16व्या शतकातला) वाडा 1925 मध्ये लिलावात निघाला. तोवर त्याच्या आसपास कोळशाच्या खाणी आणि रेल्वे आली होती. अमेरिकन गिऱ्हाइकाने तो उतरवून, खोक्यांत भरून अटलांटिकपार नेला. आज तो व्हर्जिनियात रिचमंडला, जेम्स नदीकाठी उभा आहे. म्हणजे चित्रपटात भूत तेवढं वरचं!

ऐषाराम होताच, नाही कोण म्हणतं? पण 1870 नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, ब्रिटनमध्ये धान्याचे भाव पडले आणि कुळांच्या खंडावर जगणाऱ्या जमीनदारांचं उत्पन्न आटलं. त्यात वारसा कर. 1894 मध्ये त्याचा कमाल दर 8 टक्के होता, 1919 मध्ये सर्वांत मोठ्या इस्टेटींना तो 40 टक्के झाला. बाप गेला की जमीन विकायला काढायची पाळी. आता गंमत बघा: चित्रपटातला खरेदीदार खाद्यपदार्थांच्या दुकानांवर गबर झालेला आहे. योगायोग असेल, पण ज्या देशाच्या गव्हाने घरं पोखरली, तिथलाच किराणावाला गढी न्यायला येतो.

‘ब्रिटिश नाही’ म्हणे. दिग्दर्शक रेने क्लेअर फ्रेंच, निर्माता अलेक्झांडर कोर्डा हंगेरीचा, कबूल. पण कंपनी लंडनची, मूळ कथा ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातली आणि भूत व वारसदार दोन्ही रंगवणारा रॉबर्ट डोनाट मँचेस्टरचा.

राहिली टिंगल. गढीचा वारसदार डोनाल्ड ग्लोरीच्या दारात घेणेकरी ठाण मांडून बसलेत. गिऱ्हाईक जेवायला येणार म्हटल्यावर तेच नोकर बनून वाढायला उभे राहतात. गढी खपली तरच त्यांचे पैसे सुटणार ना! इथे हसू येतं, पण डोनाल्डला कोणी हिणवत नाही. खरी फजिती फ्लोरिडात होते. किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घातलेला जॅझ बँड, आणि स्कॉटिश गढीच्या खंदकात चक्क व्हेनिसचा गोंडोला! तिथे जमलेले लोक गरीब दिसतात का, ते मजकूरवाल्याने एकदा चित्रपट लावून बघावं.