परीक्षकांसाठी पथ्यपाणी

अभिनंदन! सांगलीतल्या बालकथा स्पर्धेला परीक्षक म्हणून तुमची वर्णी लागली. विषय भारदस्त आहे : ‘समावेशकता आणि परस्परांच्या संस्कृतीची समज’. घाबरू नका, गठ्ठा वाचावा लागत नाही. आधी नावं मोजा. एक सलीम, एक डेव्हिड सापडला आणि नायक अथर्वच असला, की निम्मे गुण देऊन टाका.

शेवटी सलीमनं अथर्वला विहिरीतून बाहेर काढलं तर पैकीच्या पैकी. पण तो नुसताच गणितात नापास होत असेल, घरी थापा मारून क्रिकेटला पळत असेल, तर शून्य. खोड्या काढायचा हक्क अथर्वचा. सलीमनं गुणीच असायचं. शिरखुर्म्याला दोन गुण जादा. कडेगावचे मोहरमचे ताबूत आले तर तीन, मात्र ‘गगनचुंबी’ म्हणून पुढं सरकलेलं बरं. मान कुणाचा, खांदा कुणाचा, रुसवाफुगवा कसा मिटतो, यात पोरगं शिरलं की ‘विषयांतर’ असा शेरा मारा.

ऊसतोडीची कथा निघणारच. बीडकडची पोर कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, राहते, अथर्व तिला जुनी वही देतो, तिचे डोळे भरून येतात. पहिलं बक्षीस इथंच द्या. पण दुसऱ्या एखाद्या कथेत तीच पोर स्वतः बोलायला लागते. भल्या पहाटे आईमागं फडात जाते, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधते, रस्त्याकडेला विकायला बसते. अथर्वची आजी दोन रुपयांसाठी घासाघीस करते आणि वर विचारते, “तुमच्याकडं शाळा नसत्यात व्हय गं?” ही कथा तळाशी सरकवा. संस्कृतीची ओळख होते खरी, पण त्यांना आपली. स्पर्धा त्यासाठी नाही.

विट्याकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याचं पोरगं तमिळनाडूतल्या वर्गात मुकं बसलंय, अशी कथा आली तर तीही बाद. परके ते असतात; आपण कसे असू?

भाषणात कर्मवीर भाऊराव पाटील घ्याच. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली, असं म्हटलं की टाळ्या पडतात. तिन्ही परीक्षक एकाच आळीतले कसे, हे त्या गडबडीत कुणी विचारत नाही.

बक्षीस समारंभ मात्र मे महिन्यात धरा. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं गेलेल्या असतात, खुर्च्या पुरतात.