९० दिवसांची अट आणि मराठवाड्यातले आपण

किंडल अनलिमिटेड ही ॲमेझॉनची ई-पुस्तकांची वर्गणी योजना भारतात २०१५ साली आली आणि २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकांना जागा मिळाली. ज्या तालुक्याच्या गावी पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांपलीकडे दुकानात फारसे काही मिळत नाही, तिथल्या वाचकासाठी महिन्याच्या वर्गणीत हवी तेवढी पुस्तके वाचायची सोय मोलाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वर्गणी थांबली की घेतलेली पुस्तके परत जातात, पण वाचनालयातही तसेच असते.

माझा आक्षेप लेखकावरच्या अटीला आहे. पुस्तक या योजनेत यावे म्हणून लेखकाने केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ॲमेझॉनवर स्वतःच ई-पुस्तक प्रकाशित करणाऱ्यांसाठीच्या खास नोंदणीत, नाव नोंदवले, की ९० दिवस त्याची ई-आवृत्ती बुकगंगासारख्या दुसऱ्या दुकानात, एवढेच काय, स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवता येत नाही. मुदत संपल्यावर, आपण आधी नकार नोंदवला नसेल, तर ती आपोआप वाढते. यातली खरी मेख भारतापुरती आहे: इथल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर ही नोंदणी करावीच लागते, अन्यथा ३५ टक्क्यांवर समाधान मानायचे. अमेरिकेतल्या विक्रीला ही अट नाही. म्हणजे ज्याचा जवळजवळ सगळा वाचक महाराष्ट्रात आहे, त्या मराठी लेखकाला निवड असते ती कागदावरच.

शिवाय वर्गणीदाराने वाचलेल्या पुस्तकाचे पैसे २०१५ पासून पानांच्या हिशेबाने मिळतात. एका सामाईक निधीतून ते वाटले जातात आणि पानाचा दर महिना सरल्यावर ठरतो. कापूस आधी घालायचा आणि भाव मागाहून ऐकायचा, असाच हा व्यवहार. जाडजूड रहस्यकथेला तो परवडेलही. परंतु परभणी-नांदेडकडच्या एखाद्या कवीचा सत्तर पानांचा संग्रह कोणी चार वेळा वाचला, तरी पैसे पहिल्या वाचनाचेच मिळतात. कवितेला इतके कमी लेखणारा हिशेब मला मान्य नाही.

म्हणून कवींनी या नोंदणीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीकाराने हवे तर एक मुदत घ्यावी. छापील प्रतींना ही अट लागू नसल्याने, उदगीरला २०२२ मध्ये झाले तसे साहित्य संमेलन जवळपास भरले, तर तिथे त्या खुशाल विकाव्यात. मात्र आपोआप नूतनीकरणाची खूण पहिल्याच दिवशी काढून टाकावी आणि मुदत संपताच ई-आवृत्ती सर्व दुकानांत ठेवावी.