पेपरात आलं नाही, म्हणून चिमुरात घडलं नाही?

ऑगस्ट जवळ आला की नागपूरकरांच्या फोनवर एक मजकूर फिरू लागतो. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात विदर्भातल्या चिमूर आणि आष्टी या गावांत जे घडलं, ती गोष्ट नंतर फुगवली गेली, त्या आठवड्याच्या पेपरांत जेमतेम चार ओळी सापडतात, सरकारनेही काही मोठं सांगितलं नाही, आणि खरंच अत्याचार झाले असतील तर संपादक गप्प का बसले, असा एकूण सूर.

आधी त्या चार ओळी. १६ ऑगस्टला दोन्ही गावांत गोळीबार झाला, माणसं मेली. जमावाच्या हातून सरकारी माणसंही मारली गेली. त्याआधी आठच दिवस, ८ ऑगस्टला, युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघाला होता. आंदोलनाची बातमी सरकारी सूत्रांकडून, नेमून दिलेल्या वृत्तसंस्थांकडून किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदलेल्या बातमीदाराकडून आली असेल, तरच छापायची. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या चिमुरात असा नोंदलेला बातमीदार कुठून आणायचा? गावाहून आलेल्या माणसाची हकीकत छापली तर कारवाई. मग उरतं सरकारी पत्रक, आणि त्यात गोळीबार नेहमी ‘करावा लागतो’.

सरकारने सांगितलं नाही, हे मात्र खरं. ३१ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगोने चर्चिलला तार केली: १८५७ नंतरचा हा सर्वांत गंभीर उठाव आहे आणि त्याची तीव्रता लष्करी सुरक्षिततेसाठी आपण जगापासून लपवली आहे. यापुढे काय बोलायचं!

संपादक गप्प बसले, हा आरोप सगळ्यांत लंगडा. चिमुरातल्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींच्या आश्रमातले प्रा. भन्साळी यांनी सेवाग्रामला उपोषण मांडलं. मध्य प्रांत सरकारने त्या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली. तेव्हा अखिल भारतीय संपादक परिषदेने ठरवलं, की गव्हर्नमेंट हाउसची (व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या निवासातून निघणारी) पत्रकं आणि सरकार नववर्षाला देत असलेल्या किताबांची यादी छापायची नाही. ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या अनेक पेपरांनी एक दिवस अंकच काढला नाही. (इंग्रजांच्या मालकीचे काही पेपर निघाले, ते सोडा.) १२ जानेवारीला, ६३ व्या दिवशी, उपोषण सुटलं आणि बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी मात्र झाली नाही.

जुने अंक पाहायचे तर केवळ ऑगस्ट चाळून थांबू नका. प्रत्येक बातमीत मजकूर कुणाकडून आला ते आधी शोधा. घटनेची तारीख आणि छापल्याची तारीख वेगवेगळ्या टिपा. पुढे खटले, फाशीच्या शिक्षा, अपिलं, शिक्षा कमी करण्याची मागणी यांच्या बातम्या १९४५ पर्यंत येत राहतात, त्याही पाहा. आणि फाईलमध्ये ६ जानेवारीचा अंक सापडला नाही, तर ग्रंथपालाशी भांडू नका. तो बहुधा निघालाच नव्हता.