जुना डेस्कटॉप आणि ६४ सॅम्पलचा बफर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या डेस्कटॉपलाही 'हाय-स्पीड इंटरफेस' जोडता येतो, हा माझा लेख वाचून तुम्ही दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपमध्ये यूएसबी ३ चं कार्ड टाकलंत, नवा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) जोडलात, आणि ६४ सॅम्पलच्या बफरवर (बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) गाणं रेकॉर्ड करताना चटचट आवाज येऊ लागले. 'बैलगाडीला विमानाचं इंजिन लावायला सांगता, त्यापेक्षा नवीन मशीन घ्या असं सरळ सांगा ना', असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग मला समजतो, पण तो सल्ला मी देणार नाही.

आधी माझी चूक. विजेबद्दल मी लिहायलाच हवं होतं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००, आणि कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत असेल तर ती जोडल्याशिवाय तेवढेही भरवशाने मिळत नाहीत. अडॅप्टर नसलेला इंटरफेस अशा वेळी चालू झालेला दिसतो, दिवाही लागतो. पण कंडेन्सर माइकला केबलमधूनच लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, दिली की अडखळायला लागतो. ती वायर जोडली आहे का, एवढं आधी बघा. लेखात ही भर आजच घातली आहे.

आता वेगाचं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक चॅनेल सेकंदाला १.१५२ मेगाबिट घेतो. १८ चॅनेल आत आणि १८ बाहेर धरले तरी ४१.५ मेगाबिटच्या आसपास. यूएसबी २ ची क्षमताच ४८० मेगाबिट आहे. म्हणजे दहावा हिस्साही भरत नाही. तुमचं कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या अगदी पहिल्या पिढीच्या लहान स्लॉटात असलं, तरी तिथून सेकंदाला २५० मेगाबाइट जातात. आवाजासाठी ते भरपूर झालं.

मग चटचट कुठून येते? ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद. दर १.३३ मिलिसेकंदाला कॉम्प्युटरने पुढचा घास तयार ठेवायचा. एखादा ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) तेवढ्यात प्रोसेसर अडवून बसला, की घास चुकतो आणि तुम्हाला चट ऐकू येते. माझ्या जुन्या मशीनवर दर काही सेकंदांनी एक चट यायची, माइक काढून ठेवला तरी. केबल बदलली, पुढचा पोर्ट सोडून मागचा घेतला, काही फरक नाही. शेवटी लेटन्सीमॉन, म्हणजे कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर, दहा मिनिटं चालू ठेवलं. ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात वर नेटवर्कचा ड्रायव्हर होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय डिसेबल केलं आणि चट थांबली ती थांबलीच. प्रोसेसर तोच, रॅमही तीच. हा त्रास नव्या कोऱ्या मशीनवरही होतो, म्हणून तर खरेदीचा सल्ला द्यायला मी कचरतो.

शिवाय गाणं रेकॉर्ड करायला ६४ चा हट्ट कशाला? इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये जातो, आणि बफर २५६ किंवा ५१२ ठेवला तरी त्याला काही जाणवत नाही. सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) तेवढा गाताना ऐकू येणार नाही, हे खरं.

दोन ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. गिटार सॉफ्टवेअरच्या अँपमधून वाजवायची असेल, किंवा कीबोर्डवर सॉफ्टवेअरचा पियानो, तर बफर लहानच लागतो आणि तिथे जुना प्रोसेसर खरोखर कमी पडतो. आणि थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबीहून वेगळी अशी वेगवान जोडणी. त्याचं कार्ड कुठल्याही स्लॉटात खोचून चालत नाही. मदरबोर्डवर त्यासाठी वेगळा हेडर (केबल जोडायच्या पिना) आणि बायॉसचा (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरचा) पाठिंबा लागतो, जो जुन्या बोर्डांवर बहुधा नसतो. 'हाय-स्पीड इंटरफेस' असं मोघम लिहून मी यूएसबी ३ आणि थंडरबोल्ट दोन्ही एकाच दावणीला बांधले, ते चुकलंच.

आता एवढं करून बघा. वायफाय बंद, विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, बफर १२८, आणि लेटन्सीमॉन दहा मिनिटं. यादीत सगळ्यात वर ज्या ड्रायव्हरचं नाव येईल ते, आणि इंटरफेसचं मॉडेल, इथेच खाली लिहा. पुढचं आपण मिळून बघू.