बाटलीवर टेकडीचं नाव

इटलीतलं सेर्रालुंगा हे गाव एका डोंगरधारेवर बसलंय. मधोमध किल्ल्याचा उंच बुरूज, त्याला वळसा घालणारी गल्ली, वस्ती पाचशेच्या आसपास. दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर द्राक्षवेली. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी खालच्या खोऱ्यात धुकं साचलं होतं आणि मी गावाच्या कठड्याला टेकून निफाड तालुक्यात आप्पांना व्हिडिओ कॉलवर बाग दाखवत होते. आप्पा माझे थोरले चुलते, चाळीस वर्षांपासून द्राक्षबागायतदार.

"मांडव नाही, वाय आकाराचे खांब नाहीत, वेल अशीच तारेवर? अन् घड एवढुसे?"

मी सांगितलं की ही वाइनची द्राक्षं, जात नेब्बिओलो, छाटणी वर्षातून एकदाच. थंडीत वेल झोपते.

"झोपते?" आप्पा हसले. "आपण तिला झोपू कुठं देतो बाई?" आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे वेलीला वर्षातून दोनदा उठवायचं. त्यांच्या मागे आमचा सचिन छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावून घेत होता.

तोरीनो (ट्युरिन) शहरात येऊन मला नऊ वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की मी त्यांना दक्षिणेला लांगेच्या टेकड्यांत नेते. बारोलो, ला मोर्रा, मोन्फोर्ते, नेइवे ही तिथली गावं. ला मोर्राच्या सज्जावरून खालचा देखावा बघताना प्रत्येक पाहुणा न चुकता एकच वाक्य बोलतो, "आपल्या नाशिकला असं का नाही होत?" आणि मग गाडी हमखास २०२२ च्या वादावर येते.

आठवत असेल. त्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांत आणि सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. एक बाजू म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेल. दुसरी म्हणाली, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदललं आणि विषय बाजूला पडला. दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या नावानं बोलत होत्या आणि आप्पांच्या बागेतला एक मणीसुद्धा वाइनला जात नाही. नाशिकची बहुतेक द्राक्षं खायची आहेत. वाइनची लावणारे थोडे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा वायनरीशी करार असतो. दुकानात बाटली कुठल्या फळीवर ठेवायची यावर महिनाभर भांडलो आणि बाटलीवर नाव कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

इथे ते नाव फार बारकाईनं छापतात. बारोलो ही वाइन अकरा गावांच्या शिवारातच होऊ शकते. किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडाच्या पिंपात. शिवाय २०१० पासून लेबलवर टेकडीचं, शिवाराच्या तुकड्याचं नाव घालता येतं. अशी १८१ नावं (त्यातली अकरा अख्ख्या गावांची) ठरवून, नकाशावर हद्दी आखून ठेवलीत. ज्या दक्षिणउतारावरचा बर्फ आधी वितळतो त्याला इथल्या बोलीत 'सोरी' म्हणतात, टेकडीच्या माथ्याला 'ब्रिक्को'. हेच शब्द बाटलीवर येतात. आमच्याकडेही तुकड्या-तुकड्याला नाव असतं. आमचे दोन तुकडे आहेत, खालचा मळा आणि बाभळीचं. दोन्हींच्या द्राक्षांची चव वेगळी, हे आप्पा डोळे मिटून सांगतील. पण पेटी भरली की बाभळीचं संपलं, उरतो फक्त साइझ.

लांगेत हे सगळं पूर्वापार चालत आलंय, असा माझा समज होता. तो मोडला त्या दिवशी आम्ही मुक्काम केलेल्या घरात. 'आग्रितुरिस्मो' म्हणजे शेतावरचं राहणं. आपल्याकडेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं. पण माझ्या माहितीतल्या निम्म्या 'कृषी पर्यटन केंद्रां'त जलतरण तलाव आहे, डीजे आहे, आणि कृषी म्हणून दारात चार केळी. इथे १९८५ च्या कायद्यानंच घालून दिलंय की शेती मुख्य आणि पाहुणे जोडीला. शेती बंद तर पाहुणे बंद.

घराची मालकीण पंच्याहत्तरीच्या पुढची. दुपारी ती ताजारीन करत होती, म्हणजे सुरीनं बारीक कापलेल्या शेवया. किलोभर मैद्याला तीस अंड्यांचा पिवळा बलक, पाण्याचा थेंब नाही. मी अंडी फोडून द्यायला बसले. तिचे उच्चार इथले वाटेनात म्हणून विचारलं, तर ती कालाब्रियाची निघाली. इटलीच्या बुटाचं ते टोक, इथून हजार किलोमीटरच्या वर.

"फोटो पाहून आले," ती म्हणाली.

साठच्या दशकात या टेकड्यांवरच्या पोरी शेतकऱ्याशी लग्न करायला तयार नव्हत्या. तोरीनोत मोटारींचा कारखाना होता, पगार होता, नळाला पाणी होतं. टेकडीवर सासू, गोठा आणि कर्ज. चाळिशीला आलेले बिनलग्नाचे बागायतदार घरोघर. मग 'बाच्याले', म्हणजे लग्न जुळवणारे मध्यस्थ, दक्षिणेतल्या गरीब गावांत फोटो घेऊन जाऊ लागले, आणि अशा कितीतरी मुली रेल्वेनं इकडे आल्या. भाषा कळत नव्हती, भात-लोण्याचं जेवण उतरत नव्हतं. "पहिलं वर्ष मी फक्त धुकं पाहिलं," म्हणाली.

माझे हात अंड्यात तसेच राहिले. २०२२ च्याच डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. आपण ते व्हिडिओ हसत हसत पुढे पाठवले. आमचा सचिन बत्तीसचा, एम.एस्सी. ॲग्री, चार एकर बाग, बत्तीस स्थळं झाली. आणि मी तरी काय केलं? पिंपळगावकडच्या एका बागायतदाराचं चांगलं स्थळ मी बघण्याआधीच नाकारलं होतं. तेव्हा पोरींना शेती नको म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांत मी बसत नाही.

पुढे काय बदललं, असं मी तिला विचारलं. ती सासऱ्यांबद्दल बोलली. ते द्राक्षं गाडीत भरून आल्बाच्या सावोना चौकात न्यायचे. दलाल सकाळी यायचे, बघायचे, जायचे. उन्हं कलली, घड पिचायला लागले की परत यायचे आणि तेव्हा भाव सांगायचे. गाडी परत नेणार कुठे? नवऱ्यानं सत्तरच्या दशकात स्वतःच्या तळघरात बाटल्या भरायला घेतल्या तेव्हा सासरे महिनाभर बोलले नाहीत. गाव जगवायला आणखीही गोष्टी कामी आल्या. आल्बातल्या फेर्रेरोच्या चॉकलेट कारखान्यानं टेकड्यांवर बस पाठवल्या, त्यामुळे दिवसा कारखाना आणि संध्याकाळी बाग करून माणसं गावातच राहिली.

मग १९८६. इथून जवळच्या नार्झोलेतून निघालेल्या स्वस्त वाइनमध्ये मिथाइल अल्कोहोल मिसळलेलं सापडलं, वीसहून जास्त माणसं मेली. इटलीच्या वाइनला जगात कुणी हात लावेना. बिननावाचा माल विकणारे त्यात बुडाले. ज्यांच्या बाटलीवर स्वतःचं नाव होतं त्यांना निदान दार ठोठावता आलं. आप्पांना अशीच २०१० ची आठवण आहे. क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. आप्पांचाही माल त्यात होता. त्यांच्या हातात नाव नव्हतं, फक्त फोन होता आणि व्यापारी तो उचलत नव्हता.

हे सगळं ऐकून कुणी 'इटलीसारखं करा' म्हणेल, तर थोडं थांबा. २०१४ मध्ये युनेस्कोनं या टेकड्यांना जागतिक वारसा ठरवलं आणि आता बारोलोची बाग हेक्टरला दहा लाख युरोच्या पुढे गेलीय. शेतकऱ्याचा मुलगा ती विकत घेऊ शकत नाही, वारशानं मिळाली तरच. बऱ्याच घरांच्या खिडक्या वर्षातले दहा महिने बंद असतात. आणि बागेतले हात? आप्पांकडे छाटणीला पेठ-सुरगाण्याची टोळी येते, उचल देऊन. इथे आफ्रिकेतले, बाल्कनांतले लोक येतात. मध्ये मुकादम इथेही आहेच, त्याला 'कापोराले' म्हणतात, आणि त्याच्याविरुद्ध २०१६ चा कडक कायदाही आहे. तरी २०२४ मध्ये आल्बाच्या परिसरात मजुरांना मारहाण करणारे मुकादम पोलिसांनी पकडले. त्याच उन्हाळ्यात रोमच्या दक्षिणेला सतनाम सिंग या आपल्या माणसाचा हात यंत्रात तुटला आणि मालकानं त्याला दवाखान्याऐवजी घरापाशी टाकून दिलं. तो गेला. लेबलवर टेकडीचं नाव असतं, तोडणाऱ्याचं नसतं. लांगेची सुंदर छायाचित्रं टाकताना मीही हे लिहीत नाही.

तरी मला वाटतं, आपल्या वादाची जागा चुकतेय. वाइन चांगली की वाईट हे ज्यानं त्यानं घरात ठरवावं. (व्यसनमुक्ती केंद्रं इथेही आहेत, 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे इथला डॉक्टर म्हणणार नाही.) मला आपल्या राजकारण्यांच्या तोंडून ऐकायचंय ते बाभळीच्या तुकड्याबद्दल. द्राक्ष असो, बेदाणा असो, त्याचं नाव आणि भाव बांधावर कधी ठरणार? सचिनचं लग्न अडलंय ते मला तिथेच अडलेलं दिसतं.

शेवया वाळत घातल्या तेवढ्यात आप्पांचा फोन आला. निफाडात संध्याकाळ झाली होती, टोळी परतली होती. मालकिणीनं हात पुसून स्क्रीनमध्ये डोकावलं. आप्पांनी नमस्कार केला. मागून सचिन पेस्टनं लाल झालेले हात घेऊन गेला.

"हा कोण? लग्न झालंय?" तिनं मला विचारलं.

"नाही. मुली शेतकरी नको म्हणतात."

तिनं चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. "फोटो आहे का त्याचा?"

"काय म्हणते गं बाई?" आप्पा विचारत होते.