साडेतीन मिलिमीटरचा त्याग

नवा फोन हातात आला की त्याच्या कडा नखाने चाचपत बसू नका. हेडफोनचं ते साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक सापडणार नाही. नागपुरात बर्डीवरच्या दुकानातल्या पोराला तर "हेडफोन कुठी लावाचा?" असं चुकूनही विचारू नका. तो "काका, आता कुठी भेटते ते?" म्हणेल आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. आपलं वय असं चारचौघांत उघडं पाडून घेण्यापेक्षा गुपचूप इअरबडच्या डब्या बघायला लागा.

तरीही मनात शंका आलीच, तर ७ सप्टेंबर २०१६ आठवा. त्या दिवशी ॲपलच्या फिल शिलर यांनी आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला आणि त्यामागचं कारण जगाला सांगितलं: हिंमत. त्याच कार्यक्रमात बिनतारी एअरपॉड्सही दाखवले. भारतात किंमत १५,४०० रुपये. हिंमत कंपनीने करायची आणि पैसे आपण भरायचे, अशी कामाची सरळ वाटणी झाली. कुरकुर करणाऱ्यांसाठी डब्यात जुने हेडफोन लावायला एक बोटभर जोडतुकडाही ठेवला होता. दोन वर्षांत लोकांना सवय लागली, मग तोही डब्यातून गेला. २०२० मध्ये इअरफोन आणि चार्जरही गेले. डबा किती हलका झाला याचं कौतुक करा. किमतीबद्दल बोलू नका, वातावरण बिघडतं.

कोणी विचारलंच, तर "पाणी जात होतं त्यातून" असं ठणकावून सांगा. फक्त समोरच्याला सॅमसंगचा गॅलेक्सी एस७ माहीत नसावा. तोही २०१६ चाच, भोकासकट, आणि दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचं मानांकन असलेला. बिनभोकाच्या आयफोन ७ चं मानांकन एका मीटरचं. हे आकडे निघाले की विषय बदलून तर्री पोह्यांवर या. नागपुरात त्याने कोणताही वाद मिटतो.

खिल्ली उडवणाऱ्या कंपन्यांचंही मनावर घेऊ नका. गुगलने २०१६ च्या पिक्सेलच्या जाहिरातीत आपला जॅक टेचात मिरवला आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून काढून टाकला. सॅमसंग जरा जास्त वेळ हसली. नोट १० येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत.

आता नवं यंत्र वापरायचं कसं, ते नीट ऐका. तुम्ही धरमपेठेत स्कूटीवरून हिंडणाऱ्या ताई असाल, तर तोंडाला स्कार्फ असणारच, त्याशिवाय उन्हात बाहेर पडवत नाही. गाडी चालवताना कानात काही घालायचं नसतं, म्हणून पोह्याच्या ठेल्याशी गाडी लावल्यावर, स्कार्फ न सोडताच, बड आत सरकवा. मैत्रिणीचा फोन येईल. बोलून झालं की पोह्याची प्लेट हातात येईल, तुम्ही खायला म्हणून स्कार्फचा पहिला वेढा सोडाल, दुसरा सोडाल, आणि त्यासोबत उजवा बड निघून थेट तर्रीत पडेल. घाबरू नका. चमच्याने काढा, हरभरे झटका, रुमालाने पुसा. जाळीत शिरलेलं लाल तेल मात्र निघत नाही. वायरवाल्या इअरफोनच्या काळात हीच वस्तू गळ्यात लोंबकळत राहिली असती. किती मागासलेपण!

पुढचा धडा उन्हाचा. ॲपलच्याच तपशिलात एअरपॉड्स वापरण्याचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, तर ३५ अंश शोधायला रात्रीच बाहेर पडावं लागतं. तेव्हा गाणी हिवाळ्यात ऐका. उन्हाळ्यात कूलर ऐका. कूलरची घरघर दाबायला आवाज गाळणारे महागडे बड येतात, तेही घ्या, आणि ते गरम झाले की त्यांना कूलरसमोर ठेवा. बिचाऱ्या वायरीत तापायला बॅटरीच नव्हती. बडमध्ये ती असते, दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेक बडमध्ये बदलताही येत नाही, त्यामुळे आख्खी जोडी टाकून नवी घ्यायची संधी मिळते. जुना इअरफोन पिनेशी तुटला तरी, पिन जरा तिरकी धरून अंगठ्याने दाबली की डाव्या कानात आवाज यायचा. लोक त्यावर आणखी सहा महिने काढायचे. अशा लोकांवर बाजार कसा चालेल?

घरात आबा असतील तर त्यांचं प्रबोधन तुम्हालाच करावं लागेल. ते फोनवर आकाशवाणी लावायचे, कारण इअरफोनची वायर हीच फोनमधल्या एफएमची अँटेना असते. वायर गेली, भोक गेलं, सोबत आबांची सकाळही गेली. २०२३ मध्ये सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवायला सांगितलं, आपत्तीच्या वेळी उपयोगी पडतो म्हणून. तेव्हा आपत्ती आलीच, तर आबांना आधी वायर शोधायला पाठवा. एरवी त्यांना ब्लूटूथ शिकवा. पहिल्या दिवशी त्यांचा फोन नातवाच्या स्पीकरला जोडला जाईल आणि पहाटे पाचला आख्ख्या गल्लीत भजन सुरू होईल. "काऊन बे, माह्या कानात कायले येत न्हाई?" असं ते विचारतील. त्यांना सांगा, प्रगती आहे.

वायरच हवी असा तुमचा हट्टच असेल, तर चार्जिंगच्या भोकात लागणारे इअरफोन मिळतात. मग गाणं ऐका किंवा फोन चार्ज करा. दोन्ही एकदम मागायला आपण काय राजे भोसले?

तान्ह्या पोळ्याला इडापिडा घालवायला मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा मंडळाला सांगून गुंतलेल्या वायरींचा एक बडग्या, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, जरूर करा आणि महालातून "घेऊन जा गे मारबत" म्हणत मिरवा. कंपन्यांना एवढी जाहिरात फुकटात कोण करून देणार? फक्त जाळायच्या आधी आतल्या वायरी एकदा लावून बघा. निम्म्या तरी चालू निघतील, त्या माझ्याकडे आणून द्या.