मामाची चेतक आणि सात कलमी फॉरवर्ड

‘जुनी स्कूटर अडते? पेट्रोल पोचत नाही? मेकॅनिक विसरा! सात घरगुती उपाय. दहा जणांना पाठवा.’ हा मेसेज महिन्याभरात चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. चुकलंच माझं. पाचव्या वेळी तो पुण्यात नारायण पेठेत माझ्या मामाकडे पोचला. मामा शहात्तर वर्षांचा, स्कूटर १९८८ची बजाज चेतक. दोघंही दोन-तीन किलोमीटरनंतर दम खायला थांबतात. मामाने उपाय क्रमांक एक करून पाहिला. रात्री मामीचा फोन आला, "अरे, हे मघापासून नुसते खोकतायत. तोंडाला पेट्रोलचा वास येतोय."

तो उपाय असा: ‘कार्ब्युरेटरकडची नळी काढून तोंडाने जोरात ओढा, कचरा निघून येतो. घोटभर पोटात गेलं तरी घाबरू नका, मिठाचं पाणी पिऊन उलटी काढा.’

मामाला रात्रीच हॉस्पिटलात न्यावं लागलं. हे लिहिणाऱ्याला एकदा तिथल्या बाकावर रात्रभर बसवायला हवं होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा कितीतरी पातळ. ओढताना ठसका लागला की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात पसरतं. तिथे जी सूज येते तिला रासायनिक न्यूमोनिया म्हणतात, आणि त्याला घोटभर लागत नाही, थोडंसंही पुरतं. त्यावर हा शहाणा सांगतो उलटी काढा! म्हणजे पोटात गेलेलं पुन्हा घशाशी आणून फुप्फुसाला दुसरी संधी द्या. मामाला उलटी झाली नाही हे त्याचं नशीब. त्याला मिठाचं पाणी सोसत नाही, बीपी आहे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रात्रभर ऑक्सिजनवर लक्ष ठेवलं आणि सकाळी सोडलं. त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ या वाक्यावर कुणी विश्वास ठेवू नये. असं घडलंच तर चूळ भरायची, उलटी मुळीच काढायची नाही, आणि खोकला किंवा धाप असेल तर १०८ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

बरं, एवढं करून कचरा तरी निघतो का? चेतकला पेट्रोलचा पंपच नाही. टाकी वर, पेट्रोलात हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. वाटेत कॉकची, म्हणजे टाकीखालच्या तोटीची, जाळी आहे. खालून ओढलं की टाकीतला गंज त्याच जाळीवर आणखी घट्ट बसतो.

उपाय दोन, ‘टाकीत पाव लिटर रॉकेल ओता, आतून साफ होते’. साफ होत नाही. रॉकेलचा ऑक्टेन कमी, ते सहज उडत नाही. थंड इंजिनला किक मारून पाय दुखतो, गरम इंजिन ठोकतं, प्लग काळा होतो. पुढे.

उपाय तीन, डांबराच्या गोळ्या. हा उपाय माझ्या लहानपणापासून ऐकतोय, तेव्हा तो मायलेजसाठी असायचा. नॅप्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं हे खरं, पण पेट्रोल उडून गेलं की त्याचे स्फटिक मागे उरतात, आणि चेतकच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईएवढं! शिवाय बाजारात त्याच नावाने मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या नॅप्थलीनच्या नसतातच, क्लोरीन असलेल्या दुसऱ्याच रसायनाच्या असतात. ते जळलं की आम्ल तयार होतं. त्या गोळ्या मामीच्या शालूत ठेवा.

चौथा उपाय ‘फिल्टर काढून फेका’. चाळणीत कोंडा अडकतो म्हणून चाळणी फेकण्यातला प्रकार. पाचवा, ‘उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरा, नाहीतर वाफ होऊन पेट्रोल अडतं आणि स्फोट होतो, इंडियन ऑइलचा इशारा’. इंडियन ऑइलने असा इशारा दिलेलाच नाही. उलट, कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी उन्हाळ्यातही भरायला हरकत नाही, असा जाहीर खुलासा त्यांनी केलाय.

सहावा: ‘स्कूटर एका अंगावर तिरकी करा’. इथे मला गप्प बसावं लागतं, कारण मीही कॉलेजात हेच करायचो. तळाशी उरलेलं पेट्रोल कॉकच्या तोंडाशी येतं आणि कधीकधी कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाट उघडबंद करणारी, अडकलेली फ्लोटची सुई सुटते. पण रोज तिरकी करावी लागत असेल तर कॉक उघडून बघा की राव.

सातवं कलम जरा सविस्तर घ्यायला हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे: ‘हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे. जुन्या गाडीला दुसरा आजारच नसतो.’ मान्य करायला जिवावर येतं, पण ई-२०ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, तक्रार हवेतली नाही. नीती आयोगाचा जून २०२१चा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा वाचा. त्यात २०१४-१५ च्या चाचण्यांचा उल्लेख आहे. त्या करणाऱ्यांत आपल्या वेताळ टेकडीवरची, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्थाही होती. निष्कर्ष असा की धातूंना ई-२०चा त्रास नाही, पण रबरी भाग साध्या पेट्रोलच्या तुलनेत कमी टिकतात. त्याच आराखड्यात, ई-१०ला (दहा टक्के इथेनॉलला) जुळवलेल्या जुन्या दुचाकींचं मायलेज ई-२०वर सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असंही आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि कॉक पेट्रोल घेतो तळातूनच. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीला हा धोका आहेच. मामाची नळी फुगून मऊ झाली होती. नाना पेठेतून नवी आणली.

पण गाडी बंद पडण्याचं कारण ती नळी नव्हती. ते शोधायला तोंड नाही, डोळे लागतात. गाडी बंद पडली की आधी प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, दोष ठिणगीत. मामाचा कोरडा होता. मग रिझर्व्हवर टाकून बघायचं. टाकी भरलेली असून फक्त रिझर्व्हवर चालली तर कॉकची वरची नळी तुंबलेली. इथे दोन्हीवर तेच. मग इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून नळी बाटलीत सोडायची आणि कॉक उघडायचा. मामाच्या चेतकची धार छान सुरू झाली, बारीक होत गेली आणि थांबली. मी टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत शिरली आणि धार पुन्हा वाहायला लागली.

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. मामाने गेल्या पावसाळ्यात सीटखाली पाणी झिरपतं म्हणून झाकणाच्या आत दुधाच्या पिशवीचा तुकडा कापून बसवला होता. नीट, गोल, कात्रीने. हवा कोंडली की गाडी बंद. दहा मिनिटं चहा प्यायला थांबलं की फटीतून थोडी हवा जायची आणि गाडी पुन्हा सुरू. मामाला वाटायचं, गाडीला चहा लागतो.

तुकडा काढला. मामा सहकारनगरला जाऊन आला, एकदाही न थांबता.

काल सकाळी तोच मेसेज सहाव्यांदा आला. पाठवणारा मामा. सातही उपाय जसेच्या तसे, खाली त्याने स्वतः जोडलेला आठवा: ‘झाकणाखाली पिशवी ठेवू नये. स्वानुभव.’